निबंध कोणापुढे वाचायचा?

चर्चासत्रासाठी शोधनिबंध लिहिणे ही मराठीच्या अध्यापनव्यवसायातील इतकी सवयीची क्रिया झाली आहे की, तिच्याविषयी विचार कोणी करीत नाही. तक्रार मात्र सर्वजण करतात. तक्रारीचे स्वरूपही ठरून गेलेले आहे. निबंधांचा दर्जा घसरला, विद्यार्थी वाचत नाहीत, सारे काही गुणांकनासाठी चालले आहे आणि या सर्व अनर्थाचे मूळ विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांत आहे, असे तिचे सार सांगता येईल. ही तक्रार करणारे बहुधा स्वतःच अशा चर्चासत्रांची अध्यक्षस्थाने भूषवीत असतात, हा योगायोग बाजूला ठेवला तरी हे निदान तपासून घेणे आवश्यक आहे. निदान चुकले असेल तर नियम बदलल्यावरही रोग तसाच राहील. आणि तो तसाच राहिला आहे, असे आज स्पष्टपणे दिसते.

कुंडलिका नदीच्या दोन काठांवर जुना जालना आणि नवा जालना अशा दोन वस्त्या आहेत. त्यांपैकी जुन्या जालन्यात राहणारा एखादा संशोधक विद्यार्थी उदाहरणादाखल डोळ्यांसमोर आणावा. सकाळी तो एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवितो. पीएच.डी.साठी त्याची नोंदणी झालेली आहे आणि मार्गदर्शक साठ किलोमीटरांवर छत्रपती संभाजीनगरला राहतात. एके दिवशी त्याच्या भ्रमणध्वनीवर चर्चासत्राचे माहितीपत्रक येते. मुख्य विषय इतका रुंद असतो की, त्यात न बसणारा निबंध लिहिणेच अवघड व्हावे. त्याखाली पंचवीस-तीस उपविषय असतात आणि एवढ्यानेही कोणी बाहेर राहू नये म्हणून शेवटी ‘मुख्य विषयाशी संबंधित अन्य कोणताही विषय’ असतो. गोषवारा अडीचशे शब्दांचा, बीजशब्द पाच, पूर्ण निबंध त्यानंतर दहा दिवसांत. टंक कोणता वापरावा, अक्षराचा आकार किती असावा, समास किती सोडावा, शुल्क कोणत्या खात्यात भरावे याविषयीच्या सूचना अत्यंत काटेकोर असतात. निबंध कोण वाचणार आहे, कोणत्या कसोटीवर तो स्वीकारला वा नाकारला जाणार आहे, नाकारल्यास त्याचे कारण लेखकाला कळविले जाणार आहे काय, याविषयी मात्र त्या पत्रकात एक ओळही नसते. शुल्क भरल्याची पावती पोहोचली की निबंध स्वीकारला गेला, असे सर्व पक्षांनी गृहीत धरलेले असते.

विद्यार्थी विषय निवडतो : ‘जागतिकीकरण आणि मराठी ग्रामीण कादंबरी’. हा विषय त्याला सुचलेला नसतो. तो वातावरणात तरंगत असतो. सांगाडा तयारच असतो. प्रस्तावना, अभ्यासाची उद्दिष्टे, गृहीतके, व्याप्ती, मर्यादा, संशोधनपद्धती, निष्कर्ष. समाजशास्त्रीय पाहणीसाठी घडविलेला हा सांगाडा साहित्यकृतीच्या अभ्यासाला जसाच्या तसा कोणी आणि केव्हा चढविला, हा एका स्वतंत्र निबंधाचा विषय व्हावा. त्यात गृहीतक असे असते की, ग्रामीण कादंबरीवर जागतिकीकरणाचा परिणाम झालेला दिसून येतो. चार पाने उलटल्यावर निष्कर्ष येतो की, ग्रामीण कादंबरीवर जागतिकीकरणाचा परिणाम झालेला आहे. गृहीतक आणि निष्कर्ष यांच्यामध्ये फक्त क्रियापदाचा काळ बदललेला असतो. निबंधाच्या सुरुवातीला जे कोणीही मान्य केले असते तेच शेवटी सिद्ध होते. जे कोणी नाकारलेलेच नाही ते सिद्ध करण्याची गरज का पडावी, हा प्रश्न त्या निबंधाला कोणी विचारीत नाही.

विचारणार तरी केव्हा? चर्चासत्राच्या दिवशी दीपप्रज्वलन, स्वागतगीत, सत्कार, प्रास्ताविक, बीजभाषण आणि अध्यक्षीय समारोप यांत दुपारच्या भोजनापर्यंतचा वेळ जातो. (रोप देऊन सत्कार करण्याची पद्धत पर्यावरणास उपकारक असेलही, वेळेची बचत तिने झालेली नाही.) उरलेल्या दीड तासाच्या सत्रात वीस निबंध असतील, तर परिचय आणि आभार वगळूनही प्रत्येकास साडेचार मिनिटे येतात. एवढ्या वेळात शीर्षक वाचून होते, उद्दिष्टे वाचून होतात आणि सत्राध्यक्ष घड्याळाकडे पाहू लागतात. ज्याचा निबंध वाचून झाला तो प्रमाणपत्राच्या रांगेत जाऊन उभा राहतो. या सर्व व्यवहाराला ‘चर्चासत्र’ हे नाव आहे. त्यात सत्र असते.

येथपर्यंतचे वर्णन वाचून त्या विद्यार्थ्याला हसणे फार सोपे आहे, आणि ज्येष्ठांच्या बैठकांत ते हसणे नेहमी ऐकू येते. ते अन्यायाचे आहे. तासिका तत्त्वावर राबणाऱ्या, कायम नियुक्तीची वाट पाहत चाळिशी गाठणाऱ्या माणसाला प्रमाणपत्र हे भाकरीचे साधन वाटले तर त्यात त्याचा दोष नाही. प्रवासाला आणि शुल्काला लागणारे पैसे तो पगारातून नव्हे, तर पगाराच्या आशेतून खर्च करीत असतो. दोष असेल तर त्याचा निबंध न वाचता स्वीकारणाऱ्याचा, न वाचता छापणाऱ्याचा आणि न ऐकता ‘अभ्यासपूर्ण मांडणी’ म्हणून समारोप करणाऱ्याचा आहे. प्रस्तुत आरोप त्यांच्यावर आहे.

आता नियमांचा युक्तिवाद. आयोगाच्या 30 जून 2010 च्या विनियमांनी शैक्षणिक कामगिरीचे निर्देशांक आणले आणि चर्चासत्रात निबंध वाचण्याला थेट गुण दिले : आंतरराष्ट्रीय चर्चासत्राला 10, राष्ट्रीयला 7.5, राज्यस्तरीयला 5, विद्यापीठ वा महाविद्यालय पातळीवरील चर्चासत्राला 3. या कोष्टकातील हास्यास्पद गोष्ट अशी की, त्यात निबंधाचे मोल त्याच्या आशयावरून ठरत नाही, मंडपावर लावलेल्या फलकावरून ठरते. तोच निबंध, तीच खोली, तेच श्रोते. फलकावरील ‘राज्यस्तरीय’ पुसून ‘राष्ट्रीय’ लिहिले की अडीच गुणांनी ज्ञान वाढते. या कोष्टकाने फलक रंगविण्याचा उद्योग भरभराटीला आणला यात शंका नाही. 2016 च्या विनियमांनी पीएच.डी.चा प्रबंध सादर करण्यापूर्वी चर्चासत्रांत दोन निबंध वाचणे आणि मान्यताप्राप्त नियतकालिकात एक निबंध छापणे बंधनकारक केले, तेव्हा त्या उद्योगाला विद्यार्थ्यांच्या रूपाने हक्काचे गिऱ्हाईक मिळाले. हे सर्व खरे आहे.

परंतु पुढचा इतिहासही तितकाच खरा आहे आणि तक्रारकर्ते तो सांगत नाहीत. जुलै 2018 च्या विनियमांनी निर्देशांकांची ती पद्धत मोडीत काढून राष्ट्रीय चर्चासत्रातील निबंधाचे गुण 3 वर आणि राज्य वा विद्यापीठ पातळीवरील निबंधाचे 2 वर आणले. नोव्हेंबर 2022 च्या विनियमांनी पीएच.डी.साठी असलेली निबंधवाचनाची आणि प्रकाशनाची सक्ती काढून टाकली. नियतकालिकांच्या याद्यांचे तर विचारूच नये. 2017 मध्ये आयोगाने मान्यताप्राप्त नियतकालिकांची यादी केली. मे 2018 मध्ये त्यातील 4,305 नावे एका फटक्यात वगळली. 2019 मध्ये ‘केअर’ नावाची नवी यादी आली आणि 2025 मध्ये तीही बंद करण्यात आली. म्हणजे नियमांनी निबंध बिघडविला असेल, तर तो सुधारण्याची संधीही नियमांनीच तीनदा दिली. माहितीपत्रके थांबली काय? गृहीतक आणि निष्कर्ष यांतील अंतर वाढले काय? दंडुका काढून घेतल्यावरही माणूस त्याच वाटेने चालत असेल, तर तो दंडुक्याच्या भीतीने चालत होता हे म्हणणे टिकत नाही. आयोगाने एका आधीच पोकळ झालेल्या व्यवहाराला भाव ठरवून दिला, एवढेच म्हणता येईल. पोकळी त्यापूर्वीची आहे आणि ती मराठीच्या अभ्यासक्षेत्राची स्वतःची आहे.

ती पोकळी कसली, हे पाहण्यापूर्वी आणखी एका मताचा समाचार घेणे भाग आहे. देशीपणाचा पुरस्कार करणारे काही अभ्यासक म्हणतात की, शोधनिबंध हा प्रकारच परका, पाश्चात्य विद्यापीठांतून उसना घेतलेला. मराठी मनाला तो मानवत नाही, म्हणून तो असा निर्जीव उतरतो. हे मत ऐकायला भारदस्त आहे आणि आळसाला फार सोयीचे आहे. वस्तुतः मराठी गद्याचा आरंभच साक्षीपुरावे तपासण्याच्या उद्योगातून झालेला आहे. चक्रधरस्वामींच्या लीळा म्हाइंभटांनी ज्यांनी त्या पाहिल्या-ऐकल्या त्यांच्याकडे स्वतः जाऊन गोळा केल्या आणि नागदेवाचार्यांपुढे ठेवून त्यांची शहानिशा करून घेतली. पुढे मूळ पोथी धामधुमीत नष्ट झाली आणि लीळाचरित्र स्मरणातून पुन्हा सिद्ध करावे लागले, तेव्हा पाठांमध्ये भेद पडले. महानुभावांनी ते भेद लपविले नाहीत. कोणाच्या पाठात काय आहे ते नावानिशी नोंदवून ठेवले, त्यांना ‘वासना’ म्हटले. ‘शोधु’ हा शब्दही त्या नोंदींत येतो. आजच्या तळटीपेकडून याहून अधिक काय अपेक्षिले जाते? आणि तळटीप तरी कोठे आहे, आजच्या निबंधाला असते ती संदर्भसूची, जिच्यातील अर्धे ग्रंथ निबंधात कोठेच भेटत नाहीत.

परिषदेसाठी निबंध पाठविणे हेही मराठी विद्वानांना नवे नाही. प्राच्यविद्यापंडितांची दुसरी आंतरराष्ट्रीय परिषद 1874 मध्ये लंडनला भरली. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांना तिचे निमंत्रण होते. त्यांना जाता आले नाही. त्यांनी निबंध पाठविला. तो ‘भारतीय संस्कृतीचे बदलते आयाम’ अशा कशावर नव्हता, नाशिकच्या लेण्यांतील शिलालेखांवर होता. ते लेख यापूर्वी कोणी कसे वाचले, त्यांत कोठे चुका राहिल्या, कोणते अक्षर कोणते, हे त्याचे प्रश्न होते. आपला निबंध अशा माणसांसमोर वाचला जाणार आहे की, ज्यांना ही अक्षरे लावता येतात आणि ज्यांचे वाचन आपण खोडून काढीत आहोत, याची जाणीव अशा लेखनाला शिस्त लावते. पुण्यात 7 जुलै 1910 रोजी भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले. निबंध सभेपुढे वाचावा, त्यावर वाद व्हावा आणि मग तो इतिवृत्तात वा संमेलनवृत्तात छापला जावा, हा शिरस्ता त्या मंडळाने घालून दिला. त्या काळात विद्यापीठाचा एकही गुण कोणाला मिळत नव्हता.

मंडळाचे संस्थापक राजवाडे यांचेच एक उदाहरण उलट बाजूनेही बोलके आहे. बीडच्या पाटांगणात त्यांना ज्ञानेश्वरीची एक जुनी पोथी मिळाली. 1909 मध्ये त्यांनी ती छापली आणि तिच्या आधारे ज्ञानेश्वरीच्या भाषेचे व्याकरण रचले. ती पोथी पुढे इतर अभ्यासकांना पाहण्यास उपलब्ध राहिली नाही. परिणाम असा झाला की, व्याकरणातील प्रतिभा मान्य करूनही तिच्या पायाविषयी शंका घेतली जात राहिली, आणि त्या शंकेचे निरसन करण्याचा मार्ग उरला नाही. राजवाड्यांएवढ्या माणसाचेही विधान दुसऱ्याला तपासता आले नाही तर अधांतरी राहते. मग ‘असे दिसून येते’ या एका शब्दसमूहावर दहा पाने उभी करणाऱ्या निबंधाचे काय व्हावे?

तेव्हा पोकळी आहे ती येथे. निबंध कोणाला तरी उद्देशून असतो, कोणाशी तरी तो भांडत असतो, ही जाणीव मराठीच्या अभ्यासातून लोपली आहे. शास्त्रग्रंथांत पूर्वपक्ष आधी मांडला जाई, आणि तो दुबळा करून मांडणे हे कमीपणाचे मानले जाई. आजच्या निबंधाला पूर्वपक्षच नसतो. त्यात समीक्षकांची मते एकाखाली एक येतात, परस्परविरोधी असली तरी शेजारीशेजारी गुण्यागोविंदाने नांदतात, आणि शेवटी लेखक सर्वांशी सहमत होतो. कारण उघड आहे. त्या समीक्षकांपैकी एक त्याचा मार्गदर्शक असतो, एक परीक्षक असण्याचा संभव असतो आणि एक त्या दिवशीचा बीजभाषक असतो. मतभेद व्यक्त करण्याची किंमत विद्यार्थ्याने मोजायची आणि मतभेद नसल्याची खंत ज्येष्ठांनी व्यक्त करायची, अशी ही श्रमविभागणी आहे.

साधनांच्या अभावाचा मुद्दा उरतो. जालन्यासारख्या ठिकाणी ग्रंथालये तोकडी, जुनी नियतकालिके मिळत नाहीत, मग संशोधन करावे कशाचे? ही अडचण खोटी नाही. पण तिच्यावरून काढलेला निष्कर्ष खोटा आहे. धुळ्याचे शंकर श्रीकृष्ण देव वकील होते. रामदासी मठांतून हिंडून त्यांनी बाडे गोळा केली आणि डोमगावच्या मठातील, कल्याणस्वामींच्या हातची दासबोधाची प्रत छापून काढली. डोमगाव मराठवाड्यातच आहे. रामदासांचे जन्मगाव जांब तर आज जालना जिल्ह्यात, घनसावंगी तालुक्यात येते. मराठवाड्यातील सामग्री शोधायला धुळ्याहून माणूस आला आणि मराठवाड्यातला विद्यार्थी जागतिकीकरण शोधत बसला, ही परिस्थिती ग्रंथालयाच्या अनुदानाने बदलणारी नाही.

आणि पोथीच हवी असेही नाही. जुन्या जालन्याच्या गल्ल्यांतून मराठी आणि दखनी या दोन भाषा पिढ्यान्‌पिढ्या एकमेकींच्या शेजारी बोलल्या गेल्या आहेत. सप्टेंबर 1948 पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता आणि कारभाराची भाषा उर्दू होती. परंतु दखनीचे नाते कचेरीशी नव्हते, घराशी आणि बाजाराशी होते. या दखनीने मराठीतून ‘नको’ घेतला आणि त्याचा ‘नक्को’ केला, हे सर्वांना ठाऊक आहे. त्याहून कुतूहलाची उसनवारी आहे ती निश्चयार्थी ‘च’ची. मराठीत ‘असाच’, दखनीत ‘ऐसाइच’. शब्द उसना घेणे ही नित्याची गोष्ट आहे. पण स्वतःला अर्थ नसलेला, दुसऱ्या शब्दाला चिकटून त्यावर जोर देणारा एक अव्ययवजा तुकडा एका भाषेतून दुसरीत जातो, तेव्हा त्या दोन भाषा बोलणारी माणसे किती जवळ राहत असतील याचा तो पुरावाच असतो. हा ‘च’ सतराव्या शतकातील दखनी ग्रंथांतही सापडतो. श्रीधर रंगनाथ कुलकर्णींसारख्या अभ्यासकांनी दखनी आणि मराठी यांच्या संबंधांवर लिहून ठेवले आहे, म्हणजे पूर्वपक्षही तयार आहे.

आता प्रश्न असा घालता येईल : मराठीत ‘च’ जेथे जेथे लागतो तेथे तेथे दखनीत तो लागतो काय? नामाला लागतो, सर्वनामाला लागतो. क्रियापदाच्या रूपाला कसा लागतो? विभक्तिप्रत्ययाच्या आधी की नंतर? घरात मराठी बोलणारा माणूस बाजारात दखनी बोलतो तेव्हा त्याचा ‘च’ आणि घरातही दखनीच बोलणाऱ्याचा ‘च’ यांत फरक पडतो काय? वयस्कांच्या आणि शाळकरी मुलांच्या बोलण्यात? आणि पैठणच्या एकनाथांनी हिंदु-तुर्क संवाद रचताना तुर्काच्या तोंडी जी भाषा घातली, तिच्यात आणि आजच्या या बोलीत कोणते दुवे जुळतात, कोणते जुळत नाहीत? हा निबंध लिहायला मोठे ग्रंथालय लागत नाही. वही लागते, कान लागतात, दारात बसून बोलणाऱ्या शेजाऱ्यांची परवानगी लागते आणि ऐकलेले वाक्य कोणाचे, कोठले, कोणत्या प्रसंगीचे, हे म्हाइंभटांच्या चिकाटीने टिपण्याची तयारी लागते. जुन्या जालन्यातल्या विद्यार्थ्यापाशी यातले सर्व काही आहे. पुण्याच्या वा मुंबईच्या प्राध्यापकापाशी नाही.

हा विषय कोणत्या माहितीपत्रकात बसेल? ‘अन्य कोणताही विषय’ या शेवटच्या उपविषयात बसेल. आणि साडेचार मिनिटांत त्याची उदाहरणेही वाचून होणार नाहीत. शिवाय त्याला निष्कर्ष लवकर येणार नाही. कदाचित उत्तर असे येईल की, मूळ समजूत अर्धवट होती. अशा निबंधाला ‘गृहीतक सिद्ध झाले’ असे लिहिता येत नाही, आणि सिद्ध न झालेले गृहीतक सादर करणाऱ्या विद्यार्थ्याला शाबासकी देण्याची पद्धत मराठी विभागांत अजून पडायची आहे.

अलीकडे या वादात यंत्राचा प्रवेश झाला आहे. नोव्हेंबर 2022 मध्ये चॅटजीपीटी आले आणि तेव्हापासून ज्येष्ठांना नवी चिंता लागली की, विद्यार्थी निबंध यंत्राकडून लिहवून घेतील. घेतील, यात शंका नाही. पण चिंतेचे कारण तपासावे. 2005 मध्येच अमेरिकेतील एमआयटीच्या विद्यार्थ्यांनी निरर्थक वाक्ये जुळविणाऱ्या एका संगणकीय कार्यक्रमाने बनविलेला निबंध एका आंतरराष्ट्रीय परिषदेला पाठविला होता आणि तो परीक्षणाविना स्वीकारला गेला होता. तेव्हाचे यंत्र आजच्या मानाने अगदीच अडाणी होते. पण परिषदेने निबंध वाचलाच नव्हता, म्हणून तेवढे पुरले. ‘जागतिकीकरण आणि मराठी ग्रामीण कादंबरी’ हा निबंध यंत्र क्षणार्धात लिहील, कारण तो निबंध पूर्वीपासूनच यांत्रिक आहे. जुन्या जालन्यातल्या एका विशिष्ट घरात एका विशिष्ट दुपारी ‘च’ कोठे लागला, हे त्या घरात गेल्यावाचून कळणार नाही. साधर्म्य मोजणाऱ्या संगणकप्रणालीने दहा टक्क्यांच्या आत आकडा दाखविला की निबंध स्वतंत्र ठरतो, अशी आजची समजूत आहे. या आकड्याने शब्दांची चोरी पकडली जाते. विचाराचा अभाव मोजण्याचे परिमाण त्या प्रणालीत नाही. ते काम वाचणाऱ्या माणसाचे होते आणि त्याने ते सोडून दिले.

चर्चासत्र घेणाऱ्यांना हे काम परत घेता येणे अशक्य नाही, आणि त्यासाठी आयोगाच्या परवानगीची आवश्यकता नाही. दिवसाला वीसऐवजी चार निबंध घ्यावेत. ते महिनाभर आधी सर्व सहभागी व्यक्तींना पाठवावेत, म्हणजे सभेत वाचनाला नव्हे, वादाला वेळ मिळेल. प्रत्येक निबंधाला एक नेमलेला प्रतिवादी असावा, आणि तो निबंधकाराच्या मार्गदर्शकाचा विद्यार्थी नसावा. नाकारलेल्या निबंधाच्या लेखकाला नकाराचे कारण पानभर लिहून पाठवावे. हे एक पान त्याला प्रमाणपत्राहून अधिक उपयोगी पडेल. शुल्क कमी जमेल, सत्काराची रोपे कमी लागतील, फलकावर ‘आंतरराष्ट्रीय’ लिहिता येणार नाही. मूल्यांकन समितीपुढे ठेवायच्या अहवालात सोळा नावे कमी दिसतील, हा आक्षेप प्राचार्यांकडून येईल आणि विभागप्रमुखाला त्याचे उत्तर द्यावे लागेल.

अशा सभेत जुन्या जालन्याचा विद्यार्थी ‘ऐसाइच’वरचा निबंध घेऊन उभा राहील. समोर परभणीचा कोणी अभ्यासक असेल आणि तो उठून सांगेल की, आमच्याकडे हा ‘च’ क्रियापदाला असा लागत नाही. तुम्ही ऐकलेली वाक्ये एकाच मोहल्ल्यातली दिसतात. दुसरा कोणी विचारील, हा मराठीचाच प्रभाव कशावरून, गुजराती ‘ज’चा विचार केला आहे काय? विद्यार्थी वही उघडून वाक्ये शोधू लागेल. काही सापडतील, काही सापडणार नाहीत, आणि परतीच्या गाडीत तो पुढच्या उन्हाळ्यात परभणीला कोणाकडे उतरता येईल याचा विचार करीत बसेल.